बंबाची बदलती रूपे

कौलारू घर पेटले असता पाण्याचा बंब पुरेसा होतो. परंतु ज्या बदलापुरास रासायनिक कारखाने, उंच इमारती आणि उल्हास नदीचा पूर या तिन्हींचा शेजार आहे, तेथील अग्निशमन दलाचे एकाच प्रकारच्या वाहनावर कसे भागावे? टोल्युइनसारखा ज्वालाग्राही रासायनिक द्रव पाण्याहून हलका असल्यामुळे त्यावर नुसते पाणी मारल्यास तो तरंगत पसरतो आणि आगही सोबत नेतो; म्हणून फेसाचा बंब हवा, कारण फेसाचे आच्छादन ज्वालाग्राही बाष्प कोंडते व प्राणवायूचा संबंध तोडते. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकलेल्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमधील सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका करावी लागली, हे ध्यानी घेता बचाववाहनातील दोर व रबरी होडी मला उंच इमारतींसाठीच्या शिडीइतकीच निकडीची वाटते.