शेवटचा एलियन का पळतो

गुरुवारी भोसरी एमआयडीसीतून चालत जायला मजा येते. साप्ताहिक सुट्टी, त्यामुळे प्रेसचे धक्के नाहीत, ग्राइंडरची किरकिर नाही, रस्त्याच्या कडेला टेम्पो निवांत उभे. एखाद्या शेडचं शटर कमरेइतकं उघडं दिसलं तर समजायचं, आत मेंटेनन्सचं काम आहे. त्या गुरुवारी आमचं शटरही तसंच अर्धं वर होतं. आत मात्र पैज लागली होती.

1978 साली आलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' हा गेम दोघांनी आपापल्या हत्यारानं नव्यानं बनवायचा. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. एका बाजूला माझा भाचा, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. त्याचं हत्यार लॅपटॉप आणि पायथन. दुसऱ्या बाजूला शेडचे मालक, ज्यांना अख्खी गल्ली 'पॅनेलवाले काका' म्हणते. मूळचे चाकणचे. त्यांच्याकडे एक पीएलसी आणि सात इंची एचएमआय म्हणजे त्याचा पडदा, दोन्ही कुठल्याशा रद्द झालेल्या ऑर्डरीतून उरलेले. तयार कोड कुठूनही उचलायचा नाही, हरेल त्यानं मिसळ द्यायची. मी पंच. तिघांत खरं मशीन खेळलेला मी एकटाच होतो. शाळेत असताना, पार्लरमध्ये, रुपयाच्या नाण्यावर. एवढीच माझी पात्रता.

पीएलसीवर गेम हे ऐकून चाकणचा कुठलाही मेंटेनन्सवाला हसेल. हा डबा कन्व्हेयर चालवायला, वेल्डिंग फिक्स्चरचे क्लॅम्प उघडायला-मिटायला असतो. त्याचं काम एका चालीत चालतं: सगळे इनपुट वाचायचे, लॅडरच्या पायऱ्या वरून खाली सोडवायच्या, आउटपुट द्यायचे, पुन्हा पहिल्यापासून. ही एक फेरी म्हणजे स्कॅन. काही मिलिसेकंदांत संपते आणि दिवसभर थांबत नाही. भाच्यानं ते ऐकलं आणि म्हणाला, "मामा, गेमही असाच असतो. कीबोर्ड वाचा, हिशेब करा, चित्र काढा, परत." काका स्क्रू आवळत होते. त्यांनी फक्त मान डोलावली.

पीएलसी आणि व्हिडिओ गेम जवळपास एकाच काळातले आहेत. जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेली कपाटं नको झाली होती. मॉडेल बदललं की हजारो वायरी बदला. त्यातून डिक मोर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मोडिकॉन 084' हा पीएलसी 1969 च्या सुमारास उभा केला. इलेक्ट्रिशियनला नवी भाषा शिकावी लागू नये म्हणून प्रोग्राम लिहायची पद्धत रिले सर्किटच्या चित्रासारखीच ठेवली, ती ही शिडी, लॅडर. तीन वर्षांनी, 1972 मध्ये, अटारीच्या अ‍ॅलन अल्कॉर्ननं 'पाँग' बनवला. त्यात प्रोसेसर नव्हताच, सगळा खेळ लॉजिक चिपांच्या वायरिंगवर. म्हणजे पाँग हा प्रोग्राम कमी आणि पॅनेल जास्त. हे सांगितल्यावर काकांना पैज अर्धी जिंकल्यासारखं वाटलं.

भाच्याचं काम भराभर पुढे गेलं. अकराला अकराच्या पाच रांगा, 55 एलियन, पडद्यावर. साडेअकराला ते चालायला लागले. पावणेबाराला तोफ. तोवर काका अजून कागदावरच. 55 एलियन म्हणजे 55 बिट; सोळा-सोळाचे चार वर्ड घेतले की 64, नऊ बिट शिल्लक. जिवंत असेल तर 1, मेला तर 0. मग एचएमआयवर 55 चित्रं ठेवायची, प्रत्येकाची दृश्यता त्याच्या बिटाला बांधायची. तासभर ते फक्त चित्रं चिकटवत होते. मूळ गेममध्ये तोफेसमोर चार आडोसे असतात, गोळ्यांनी झिजत जाणारे. काकांनी तिथे चाकणच्या संग्रामदुर्गाचे बुरूज काढले. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे तो जवळपास दोन महिने लढवला आणि शेवटी सुरुंगानं बुरूज उडाला, हे चाकणच्या माणसाला सांगावं लागत नाही. "झिजायला आडोसाच हवा ना," ते म्हणाले, "मग आपलाच घेऊ."

भाच्याची पहिली अडचण फायरच्या बटणाची. स्पेस बार दाबून धरला की गोळ्यांची पिचकारी. मूळ गेममध्ये आपली एकच गोळी एका वेळी हवेत असते. चुकली तर ती वर पोहोचेपर्यंत वाट बघायची. तीच तर त्या खेळाची कळ. काकांनी त्याच्या पडद्याकडे पाहिलंही नाही. "राइजिंग एज लाव. बटण दाबलं तो क्षण धर, दाबून ठेवलेलं धरू नको. दोन हातांच्या पुशबटणात लाकडाची खुंटी ठोकून एका हातानं प्रेस चालवणारे ऑपरेटर बघितलेत मी."

दुसरी अडचण जास्त गमतीची. एलियनची फौज उजव्या कडेला पोहोचली की एक पायरी खाली उतरून डावीकडे वळते. भाच्याचा गेम सुरुवातीला बरोबर वळायचा. मी कडेच्या उभ्या रांगेतला एक एलियन मारला आणि फौज सरळ पडद्याबाहेर चालती झाली. पुन्हा खेळलो, तेच. आणखी एक मारला तर मात्र वळली! अर्धा तास तो डोकं खाजवत बसला. काकांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, "दिशा उलटवतो कोण?" उत्तर होतं: कडेला लागलेला प्रत्येक जण. कडेच्या रांगेत पाच असले की दिशा पाच वेळा उलटते, विषम, म्हणजे उलटी राहते. चार उरले की चार वेळा, म्हणजे होती तशीच. काकांचा उपाय पॅनेलवाल्याचा: "लिमिट स्विच एकदा लागला की बिट लॅच कर. सगळी फौज हलून झाली की एकदाच दिशा बदल, मग लॅच सोड. लिमिट स्विचचा बाउन्स मोजत बसलास तर स्लाइड गेली बाहेर."

एक वाजता भाच्यानं हात वर केले. गेम पूर्ण. मी खेळायला बसलो. सगळं होतं, तरी काहीतरी राहिलं होतं. दहा मिनिटं खेळल्यावर कळलं: पार्लरमध्ये छातीत धडधडायचं, ते इथे होत नव्हतं. त्या गेममध्ये एलियन जसे कमी होतात तसे उरलेले वेगानं चालतात आणि शेवटचा तर पळतच सुटतो. भाच्यानं लगेच कोष्टक टाकलं: वीसच्या खाली दुप्पट वेग, दहाच्या खाली तिप्पट. वेग वाढला, पण गिअर बदलल्यासारखा, धक्क्यानं.

मूळ गेममध्ये असं कोष्टक मुळात नव्हतंच. ताइतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादोनं तो जवळपास एकट्यानं बनवला, प्रोसेसर इंटेल 8080. त्या प्रोसेसरला 55 चित्रं एका दमात हलवणं झेपेना, म्हणून पडद्याच्या प्रत्येक फ्रेममध्ये एकच एलियन हलवला जातो. सेकंदाला साधारण 60 फ्रेम. 55 एलियन असले तर फौजेच्या एका पावलाला जवळजवळ एक सेकंद. मेलेल्यांचा नंबर लागत नाही, त्यामुळे दहाच उरले की सेकंदाला सहा पावलं आणि एकच उरला की साठ. कुणी वेग वाढवलेला नाही, ओझं कमी झालंय. निशिकादोला ते आवडलं आणि त्यानं तसंच राहू दिलं.

जेवणाच्या वेळी मिसळ आलीच, पैज बाजूलाच राहिली. हे सगळं मी रस्सा ओरपत सांगत होतो. काका थांबले. "म्हणजे सायकल टाइम," ते म्हणाले. "स्टेशनं कमी झाली की इंडेक्सिंग टेबल लवकर फिरतं. त्यात काय!" हात धुऊन ते लॅडरवर बसले.

त्यांनी एक पॉइंटर घेतला. 20 मिलिसेकंदांच्या टायमरचा प्रत्येक ठोका पडला की पॉइंटर पुढच्या एलियनवर, तेवढ्यालाच हलवायचं. पहिल्या चाचणीत वेग वाढलाच नाही. पॉइंटर मेलेल्यांच्या जागेवरही थांबून हजेरी घेत होता. मग त्यांनी मागे उडी टाकली: बिट 0 असेल तर तिथल्या तिथे पुढचा बघ, जिवंत सापडेपर्यंत. आता फौजेला चढता वेग आला, आपोआप, कोष्टकाशिवाय.

एचएमआय मात्र या वेगाला पुरेना. तो पीएलसीकडून आकडे थांबत थांबत मागतो, त्यामुळे चित्र उड्या मारतं. गोळी मंद वाटते म्हणून काकांनी तिची पायरी वाढवली, तर ती एलियनला न लागता आरपार जाऊ लागली. एका ठोक्याला ती एलियनच्या खाली, पुढच्या ठोक्याला वर. मध्ये भेट झालीच नाही. भाचा हसला. काका नाही हसले. फिरत्या शाफ्टवरची बारीक पट्टी प्रॉक्सिमिटी सेन्सरसमोरून एका स्कॅनच्या आत निघून जाते आणि काउंट चुकतो, या एका दुखण्यापायी त्यांनी चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या ट्रॅफिकमध्ये कित्येक रात्री काढल्या आहेत. तिथे पट्टी रुंद करतात. इथे त्यांनी एलियनचं अंग वाढवलं, चित्रात नाही, फक्त हिशेबात.

आवाज राहिला होता. खऱ्या मशीनमध्ये चार खर्जाचे ठोके एकामागून एक उतरत पडतात, फौजेच्या पावलागणिक. काकांनी कपाटातून चार कॉन्टॅक्टर काढले, चार वेगवेगळ्या मापांचे, 24 व्होल्टच्या कॉईलचे. ओळीनं रेलवर बसवले, फेरूल घालून वायरी ओढल्या (गेम असला म्हणून काय, फेरूल हवेतच) आणि पावलागणिक एकेकाला पिकअप दिला. ठक. ठॉक. ठक्क. धप्प. रिकाम्या शेडमध्ये तो आवाज पत्र्यावर आपटून परत येत होता. भाच्यानं लॅपटॉप मिटला.

पावणेसहाला मी खेळायला बसलो, एचएमआयच्या शेजारी लावलेल्या तीन पुशबटणांवर. तीस उरले तेव्हा कॉन्टॅक्टर चालत होते. दहाला धावू लागले. बुरूज केव्हाच गेले होते. शेवटचा उरला आणि चारही कॉन्टॅक्टर एकदम तडतडायला लागले, पॅनेलचा पत्रा थरथरू लागला, पडद्यावर एलियन इथे दिसतो तोच तिथे. काका ओरडले, "बघू नको, अंदाजानं मार!" मी हिरवं बटण दाबलं.

सगळं गप्प झालं. पीएलसीवर लाल दिवा. एलियन संपले होते आणि पॉइंटर मागे उड्या मारत अजून जिवंत बिट शोधत होता, चारही वर्डांत एकही नसताना. स्कॅन संपेना, तेव्हा स्कॅनच्या वेळेवर पहारा देणाऱ्या वॉचडॉगनं मशीन स्टॉपला टाकलं.

तेवढ्यात शटरखालून वाकून शेजारच्या शेडमधला मेंटेनन्सवाला आत आला, हातात टेस्ट लॅम्प. "काका, कॉन्टॅक्टर चॅटर होत होता. कुठलं मशीन गेलं?"

"एलियन संपले," काका लॅडरवरून नजर न काढता म्हणाले. "वॉचडॉग ट्रिप झालाय."

त्यानं आमच्याकडे पाहिलं, पॅनेलकडे पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं.

"रीसेट मारून बघितलं का?"