न्यायाधीशाचे मूल्यमापन आणि सामान्य नागरिक : खानदेशाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भारतात न्यायाधीशपदासाठी मतदान होत नाही. राज्यघटनेच्या कलम 233 नुसार जिल्हा न्यायाधीशांची नियुक्ती राज्यपाल उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून करतात आणि कलम 235 नुसार दुय्यम न्यायालयांवरील नियंत्रण उच्च न्यायालयाकडे असते. जळगाव किंवा धुळे येथील नागरिक सरपंच, नगरसेवक आणि आमदार निवडतो. परंतु या लोकप्रतिनिधींना ज्या न्यायासनापुढे उभे राहावे लागू शकते, त्या न्यायासनाची निवड मात्र त्याच्या हाती नसते. असे असले तरी न्यायाधीशाविषयी मत बनविणे थांबत नाही. कोर्टाच्या आवारात, एस.टी. स्थानकावर, चहाच्या टपरीवर ‘साहेब कडक आहेत’, ‘साहेब जामीन देतात’ असे शेरे सर्रास ऐकू येतात. अशा मूल्यमापनाला ऐकीव माहितीखेरीज आधार नसतो. जेथे न्यायाधीश मतांवर निवडले जातात, तेथे मतदाराला मदत व्हावी म्हणून काही निकष विकसित झाले आहेत. त्यांचा परिचय करून देणे आणि खानदेशातील एका गाजलेल्या निकालाच्या आधारे ते तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निवडलेल्या न्यायाचा अनुभव

निवडून आलेल्या न्यायदात्याची कल्पना महाराष्ट्राला सर्वस्वी परकी नाही. 1958 च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात न्यायपंचायतीची तरतूद होती. ग्रामपंचायतींनी निवडून दिलेले पंच किरकोळ दिवाणी व फौजदारी तंटे चालवीत. पंच गावातलेच असल्याने भावकी, जात आणि गटबाजी यांपासून ते अलिप्त राहणे अवघड होते. ही तरतूद 1970 च्या दशकात वगळण्यात आली. अशोक मेहता समितीने 1978 मध्ये न्यायपंचायती विकास पंचायतींपासून वेगळ्या ठेवाव्यात आणि त्यांच्या अध्यक्षस्थानी पात्रताधारक न्यायाधीश असावा, अशी शिफारस केली. 2008 च्या ग्रामन्यायालय अधिनियमातील न्यायाधिकारी हा तर नियुक्तच असतो, निवडलेला नव्हे.

अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत मात्र कोणत्या ना कोणत्या स्वरूपात न्यायाधीशांसाठी मतदान होते. मिसूरी राज्याने 1940 मध्ये एक मधला मार्ग स्वीकारला. निवड समितीने सुचविलेल्या नावांतून राज्यपाल नियुक्ती करतात आणि काही काळानंतर ‘या न्यायाधीशास पदावर ठेवावे काय?’ एवढाच प्रश्न मतदारांपुढे येतो. पण मतदार उत्तर कशाच्या आधारे देणार? अलास्का राज्याने 1976 पासून अधिकृत मूल्यमापन अहवाल मतदारांपुढे ठेवण्यास प्रारंभ केला. पुढे कोलोरॅडो, युटा, ॲरिझोना आदी राज्यांनीही तशा व्यवस्था उभ्या केल्या. न्यायाधीशापुढे प्रत्यक्ष उभे राहिलेले वकील, साक्षीदार, ज्यूरी व कर्मचारी यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. विचारणा साधारणपणे पाच बाबींची असते : कायद्याचे ज्ञान, सचोटी व निःपक्षपातीपणा, विवेचनातील स्पष्टता, न्यायासनावरील वर्तणूक आणि कामाचा उरक. निकाल कोणाच्या बाजूने लागला हा निकष यांत नाही, आणि या पद्धतीचे सार नेमके याच वगळण्यात आहे.

मतदार हे पथ्य नेहमीच पाळतात असे नाही. आयोवा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये समलिंगी विवाहाच्या बाजूने निर्णय दिला. 2010 मध्ये मतदानास सामोरे गेलेल्या त्या न्यायालयाच्या तिन्ही न्यायाधीशांना मतदारांनी पदावरून दूर केले. त्यांच्या सचोटीविषयी वाद नव्हता. वाद एका निकालाविषयी होता. मेक्सिकोचे उदाहरण अलीकडचे आहे. तेथे 1 जून 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयापासून खालच्या न्यायालयांपर्यंतच्या हजारो पदांसाठी मतदान झाले. जेमतेम 13 टक्के मतदार केंद्रांवर आले. अनोळखी नावांच्या लांबलचक याद्यांपुढे गोंधळलेल्या मतदारांसाठी कोणाला मत द्यावे हे छापलेल्या चिठ्ठ्या अनेक ठिकाणी वाटल्या गेल्या. माहितीची पोकळी रिकामी राहत नाही, एवढे यावरून दिसते.

घरकुल निकाल : निकषांची कसोटी

जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराबाबत 2006 मध्ये तत्कालीन आयुक्तांनी पोलिसांत फिर्याद दिली. 2012 मध्ये अटका झाल्या. खटला धुळे येथील विशेष न्यायालयात चालला आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी 48 जणांना दोषी ठरविण्यात आले. माजी मंत्री सुरेश जैन यांना 7 वर्षांची, तर गुलाबराव देवकर यांना 5 वर्षांची शिक्षा झाली. निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात अपिले दाखल झाली.

या निकालाचे सर्वसामान्य मूल्यमापन दोन टोकांना झुकण्याचा धोका उघड आहे. ज्यांना तो रुचला त्यांच्या लेखी न्यायाधीश निर्भीड, ज्यांना रुचला नाही त्यांच्या लेखी पूर्वग्रहदूषित. दोन्ही मते निकालपत्र न उघडताच बनू शकतात. निकष लावावयाचे झाल्यास प्रश्न वेगळे पडतात. प्रत्येक आरोपीची भूमिका स्वतंत्रपणे तपासली आहे काय? सर्वांना सरसकट एकच शिक्षा न देता कमी-अधिक शिक्षा दिल्या गेल्या, ही नोंद येथे उपयोगी ठरते; तथापि त्या फरकाची कारणे निकालपत्रातच शोधावी लागतात. बचाव पक्षाच्या युक्तिवादांना उत्तरे दिली आहेत काय? पुराव्यातून निष्कर्षापर्यंतची वाट वाचकाला चालून पाहता येते काय?

उरक हा निकष सर्वांत फसवा आहे. फिर्याद ते निकाल यांत 13 वर्षे गेली हे खरे; पण त्यांतील पहिली सहा वर्षे अटकेपूर्वीचीच आहेत. तपास यंत्रणा, सरकारी पक्ष, वरिष्ठ न्यायालयांतील अर्ज, वकिलांच्या तहकुब्या आणि रिक्त पदे या सर्वांचा विलंब शेवटी न्यायासनावर बसलेल्या एकाच व्यक्तीच्या नावे मांडला जातो. शिवाय न्यायाधीशांच्या बदल्या साधारणतः तीन वर्षांनी होत असल्याने दीर्घ खटला अनेकदा एकाहून अधिक न्यायाधीशांच्या हातून जातो. राष्ट्रीय न्यायिक माहिती जालावर जिल्हानिहाय प्रलंबित प्रकरणे आणि त्यांचे वय पाहता येते. ते आकडे न्यायालयाच्या भाराचे असतात. ते न्यायाधीशाचे प्रगतिपुस्तक समजणे चूक ठरेल. त्यापेक्षा एखाद्या प्रकरणाचा रोजनामा अधिक बोलका असतो. तारीख कोणी मागितली आणि ती का दिली गेली, हे त्यातून कळते.

मतदाराचा निर्णय आणि न्यायाधीशाचा निर्णय यांत गल्लत होऊ नये, हेही घरकुल प्रकरणातून ध्यानात येते. जळगावातून अनेकदा निवडून आलेले श्री. जैन 2014 ची विधानसभा निवडणूक तुरुंगातून लढले व पराभूत झाले. त्यावेळी खटल्याचा निकाल पाच वर्षे दूर होता. मतदाराला आपल्या मताची कारणे द्यावी लागत नाहीत. न्यायाधीशाला ती द्यावीच लागतात, आणि लेखी द्यावी लागतात. म्हणूनच त्याचे मूल्यमापन शक्य होते.

मूल्यमापन कोणी करावे?

न्यायाधीशाला सर्वांत जवळून पाहतो तो वकील. मात्र वकील संघटनांचे ठराव हा मूल्यमापनाचा मार्ग होऊ शकत नाही. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचारजी यांच्या राजीनाम्याची मागणी वकील संघटनांनी केली होती. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये असा दबाव न्यायिक स्वातंत्र्यास बाधक असल्याचे सांगून तक्रार वरिष्ठ न्यायिक प्राधिकाऱ्याकडेच नेण्याचा मार्ग दाखविला. जिल्हा न्यायाधीशांचे गोपनीय अहवाल उच्च न्यायालयाकडे असतात, ते नागरिकांपर्यंत पोहोचत नाहीत. व्यक्तीचे नाव न घेता जिल्ह्यातील न्यायालयांच्या कामकाजाविषयी पक्षकारांचे अनुभव संकलित करून प्रसिद्ध करण्यास मात्र तत्त्वतः अडचण दिसत नाही.

अवमानाच्या भीतीने अध्यापकवर्गही अनेकदा निकालांवर लिहिणे टाळतो. ही भीती अनाठायी आहे. न्यायालय अवमान अधिनियम, 1971 च्या कलम 5 नुसार अंतिमतः निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणावगुणांवरील रास्त टीका हा अवमान ठरत नाही. 2006 च्या दुरुस्तीने लोकहितार्थ व सद्भावनेने मांडलेल्या सत्याचा बचावही मान्य केला आहे. अपील प्रलंबित असलेल्या प्रकरणांत मात्र सावधगिरी आवश्यक आहे, आणि घरकुल निकालाची चर्चा करतानाही अपिलांची स्थिती आधी पाहून घेतली पाहिजे.

राज्यशास्त्र व विधी शाखांच्या विद्यार्थ्यांना एखादे जुने, अंतिम झालेले निकालपत्र देऊन वरील पाच निकषांवर त्याचे टिपण करावयास लावणे सहज शक्य आहे. ई-कोर्ट्स संकेतस्थळावर प्रकरण क्रमांकावरून आदेश मिळतात. यांतील स्पष्टतेचा निकष खानदेशात विशेष महत्त्वाचा ठरतो. 1998 च्या शासन अधिसूचनेने दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. तरीही अनेक निकालपत्रे इंग्रजीतच लिहिली जातात. चोपडा किंवा साक्री येथील शेतकरी पक्षकाराला आपण का हरलो हे आजही बहुधा वकिलाच्या तोंडूनच समजते.