प्राण्यांच्या संगतीतला दुसरा वाढदिवस
दोन वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसासाठी प्राण्यांचा विषय निवडताना सिंह-जिराफांच्या आधी त्याच्या रोजच्या ओळखीतले हम्मा, माऊ आणि काऊ घ्यावेत, कारण या वयात मूल चित्राची सांगड पाहिलेल्या प्राण्याशी आणि ऐकलेल्या आवाजाशी घालते. पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे टाळावेत. ओळखीचा चेहरा अचानक दिसेनासा झाला की अनेक मुले घाबरतात, म्हणून कागदी कानांची पट्टी पुरते. सर्वाधिक दक्षता फुग्यांबाबत हवी, कारण फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा तोंडात गेल्यास श्वासनलिकेच्या, म्हणजे फुप्फुसांकडे हवा नेणाऱ्या नळीच्या, तोंडाशी चिकटून बसू शकतो व तो काढणे अतिशय अवघड असते. घशात अडकण्याच्या याच धोक्यामुळे खाऊत द्राक्षे उभी चिरून द्यावीत, अख्खे शेंगदाणे वगळावेत, आणि औक्षणासह सारा समारंभ दुपारच्या झोपेनंतर तास-दीड तासात आटोपावा.