आपलेच छायाचित्र

आरसा आजचा चेहरा दाखवितो आणि कालचा विसरतो. छायाचित्र मात्र काल जपून ठेवते. म्हणून दर आठवड्यास स्वतःचे एक छायाचित्र घेणाऱ्या हौशी माणसाने जागा, प्रकाश आणि अंतर तेच ठेवावे. मग बदलतो तो केवळ चेहरा. चंदीगडच्या सेक्टर 30 मधील केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत प्रकाशीय उपकरणांवर संशोधन चालते. भिंगातील दोष शास्त्र दूर करील. स्वतःकडे निर्भयपणे पाहण्याची दृष्टी मात्र ज्याची त्यानेच कमवावी लागते. पंजाबातील उमरावसिंग शेरगिल (1870–1954), चित्रकर्त्री अमृता शेरगिल यांचे वडील, तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत स्वतःची छायाचित्रे घेत राहिले. पिकलेली दाढीही त्यांनी कॅमेऱ्यापासून लपविली नाही. छंदाचे खरे फळ हेच.