खेळ रचणाऱ्याची पहिली भाषा

संगणकावरील खेळ स्वतः रचावा, अशी हौस मुलांना लागते. पण त्यासाठी पहिली संगणकभाषा कोणती, येथेच पुष्कळांचे पाऊल अडते. सी प्लस प्लस समर्थ खरी, परंतु तिच्या काटेकोर नियमांत नवशिक्याचा उत्साह विरतो. आमच्या मते आठदहा वर्षांच्या मुलाने २००७ साली आलेल्या स्क्रॅचपासून आरंभ करावा. तेथे आज्ञांचे ठोकळे केवळ जुळवायचे असतात. थोरल्यांनी १९९१ची पायथन घ्यावी. पायगेमच्या साह्याने चेंडूफळीचा खेळ तीत लवकर उभा राहतो. आवर्तन, अट, गुणांची नोंद ही तत्त्वे एकदा उमगली की दुसरी भाषा परकी वाटत नाही. घरी एक नि दारी दुसरी भाषा बोलणाऱ्या आपल्या मुलांना हे का सांगायला हवे? मात्र पहिला खेळ लहान असावा आणि तो पुरा व्हावा.