ॲडमिट झाले खुब्याच्या ऑपरेशनसाठी, मग न्यूमोनिया कुठून आला?

आजोबांचं खुब्याचं ऑपरेशन व्यवस्थित होतं. चौथ्या दिवशी ताप येतो, धाप लागते आणि डॉक्टर सांगतात, 'न्यूमोनिया झालाय.' नातेवाईक चक्रावतात. येताना तर छाती साफ होती!

दाखल झाल्यावर 48 तास किंवा त्याहून उशिरा सुरू झालेला न्यूमोनिया हा हॉस्पिटलमध्ये झालेला मानतात. त्याआधीच लक्षणं दिसली, तर जंतू बहुधा घरूनच सोबत आलेले असतात.

संशय लगेच एसीवर किंवा शेजारच्या खाटेवर जातो. पण बहुतेक वेळा जंतू पेशंटच्याच तोंडातून फुप्फुसात उतरतात. क्लेबसिएला, ॲसिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास असे जंतू वॉर्डमधल्या हातांवरून, उपकरणांवरून येऊन काही दिवसांत तोंडात-घशात मुक्काम ठोकतात. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत कुणाच्याही जाते. निरोगी माणसाला त्याचं काही होत नाही. पण दुखतं म्हणून न खोकणारा, गुंगीत असलेला किंवा पॅरालिसिसमुळे नीट गिळता न येणारा पेशंट ती बाहेर टाकू शकत नाही. व्हेंटिलेटरची नळी असेल तर धोका आणखी वाढतो.

निदान मात्र वाटतं तितकं सरळ नाही. एक्स-रेमध्ये पांढरट डाग दिसला की न्यूमोनिया, असं नसतं. फुप्फुसात पाणी साठलं किंवा त्याचा एखादा भाग आकसला तरी तसंच दिसतं. म्हणून नवा डाग आणि सोबत ताप, पांढऱ्या पेशी वाढणं किंवा घटणं, पूसारखा कफ यांपैकी किमान दोन गोष्टी डॉक्टर बघतात. मग कफ कल्चरला जातो. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात आणि तेवढं थांबणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे अँटिबायोटिक आधीच सुरू होतं. रिपोर्टनंतर औषध बदललं म्हणजे आधीचं चुकलं, असं नव्हे. शिवाय कल्चरमध्ये जंतू सापडला तरी तो घशात नुसता राहणाराही असू शकतो.

आडव्या पेशंटला चमच्याने पेज भरवणं हे आपल्याकडे प्रेमाने होतं, पण तोच घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. डॉक्टरांची मनाई नसेल तर पलंगाची डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचलून ठेवतात. आणि टूथब्रश? 2023 मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेल्या 15 चाचण्यांच्या आढाव्यात, दात घासलेल्या पेशंटमध्ये हा न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी आढळला. फायदा प्रामुख्याने व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये दिसला, म्हणजे ज्यांना स्वतःच्या हाताने ब्रश धरता येत नाही त्यांच्यात.