रक्तातील मीठ

भाजी कितीही निगुतीने केलेली असो, तीत मीठ नसेल तर घास अळणी लागतो. परंतु मिठाचे कार्य जिभेपाशी संपत नाही. ते तेथून पुढेच सुरू होते.

मीठ हे सोडियम व क्लोरीन या मूलद्रव्यांचे संयुग होय. ते पाण्यात विरघळले म्हणजे सोडियमचे विद्युत्भारित कण मोकळे होतात. रक्तात हे कण विपुल असतात. पेशींच्या आत मात्र थोडे. मज्जातंतूतून संदेश जाताना ते क्षणार्धात आत शिरतात आणि विद्युत्‌लहर पुढे सरकते. पायात काटा रुतल्याची वार्ता मेंदूस अशीच पोहोचते. शरीरातील पाण्याचा समतोलही सोडियमच राखते. जरुरीपेक्षा अधिक झालेले सोडियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात.

हा समतोल ढळला तर प्राणावर बेतते. १९७१ साली, बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी, पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली. जुलाबांवाटे रोग्यांच्या अंगातील पाणी व सोडियम झपाट्याने निघून जाऊ लागले. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते रोग्यांना पाजविले. आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषले जाते आणि त्यामागोमाग पाणीही. शेकडा तीसच्या घरात गेलेले मृत्यूचे प्रमाण चाराच्याही खाली आले.

रक्तातील सोडियम मोजतात कसे? कोपराजवळील शिरेतून थोडे रक्त काढून ते नळीत गोठू देतात. मग नळी यंत्रात वेगाने फिरविली की रक्तपेशी तळाशी बसतात व वर पिवळसर द्रव उरतो. पूर्वी हा द्रव पातळ करून ज्योतीत फवारीत. सोडियममुळे ज्योत पिवळी होई. त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून त्याचे प्रमाण ठरवीत. आता बहुतेक ठिकाणी सोडियमचेच कण ओळखणारे इलेक्ट्रोड वापरतात. निरोगी माणसाच्या दर लिटर रक्तद्रवात सुमारे १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असते.

हा आकडा उतरला म्हणजे मीठच कमी पडले, असे मात्र नव्हे. पुष्कळदा शरीरात पाणी अधिक साचलेले असते. म्हणून कारण शोधल्यावाचून डॉक्टर उपचार ठरवीत नाहीत. अधिक मीठही बरे नव्हे; त्याने रक्तदाब वाढतो. प्रौढ माणसाने दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चिमूटभर मिठाचे मोल त्याच्या प्रमाणातच आहे.